त्याच तारेत वेग दडवून ठेवला होता का?

गेले काही महिने नाशिकमधल्या सोसायट्यांच्या, माजी विद्यार्थ्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप गटांवर जुन्या टेलिफोनच्या नेटविषयी एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: ‘२००५ साली लाइनमन घरी आला तेव्हा त्याने नवी तार ओढली नाही. जुन्याच तारेला एक छोटी डबी आणि नवा मॉडेम लावला आणि नेट रातोरात कितीतरी पट वेगवान झाले. म्हणजे वेग त्या तारेत आधीपासून होता आणि मिनिटांवर बिल लावता यावे म्हणून दहा वर्षे तो मुद्दाम दाबून ठेवला गेला.’ या मूळ दाव्याला पुढे शेपट्या जोडल्या आहेत. डायल-अपचा, म्हणजे फोन लावून नेट जोडण्याच्या जुन्या पद्धतीचा, तो कर्कश आवाज म्हणजे वेग कमी करण्याचा इशारा होता, डबीत वेग उघडण्याची किल्ली होती, २५६ चा प्लॅन विकून प्रत्यक्षात ३० चाच वेग दिला गेला, चांगला वेग एक्सचेंजजवळच्या आणि ओळखीच्या लोकांनाच मिळाला, आणि शेवटी फायबर विकता यावे म्हणून तांब्याच्या तारा मुद्दाम कुजवल्या गेल्या, असे त्यात म्हटले आहे.

मजकूर लिहिणाऱ्याची नजर चांगली आहे. नवी तार ओढली गेली नव्हती, हे त्याने अचूक टिपले आहे आणि हे सारे प्रकरण त्या एका निरीक्षणावरच उभे आहे. गडबड होते ती त्याच्या पुढच्या पावलावर, कारण घरातून दिसणारी तार म्हणजेच संपूर्ण टेलिफोन व्यवस्था, असे तो गृहीत धरतो.

प्रथम त्या तारेचा प्रवास पाहू. पंचवटीतल्या एखाद्या वाड्यातून निघालेली तांब्याची जोडी, जिला लाइनमन मंडळी ‘पेअर’ म्हणतात, भिंतीवरच्या डीपीत, म्हणजे तारा जोडण्याच्या छोट्या पेटीत जाते, तिथून रस्त्याकडेच्या पिलरमध्ये, म्हणजे तशाच मोठ्या पेटीत आणि पिलरमधून जमिनीखालच्या जाड केबलने एक्सचेंजच्या एमडीएफवर, म्हणजे ज्या मोठ्या चौकटीवर गावभरच्या जोड्या येऊन बसतात तिच्यावर. आपली म्हणावी अशी तार तिथे संपते. त्यापुढे ती एक्सचेंजच्या लाइनकार्डाला, म्हणजे ग्राहकाची लाइन सांभाळणाऱ्या सर्किटला, जोडलेली असते आणि मजकूर ज्या ‘दाबून ठेवण्या’विषयी बोलतो ते जे काही घडते, ते या कार्डात घडते. माणसाचे बोलणे समजण्यासाठी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा वारंवारतेचा पट्टा पुरतो, म्हणून कार्ड तेवढाच पट्टा आत घेते आणि बाकीचा कापून टाकते. उरलेल्या आवाजाचे ते सेकंदाला ८००० नमुने घेते आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत, म्हणजे ० किंवा १ अशा आठ अंकांत, लिहिते. ८००० गुणिले ८ म्हणजे ६४,००० बिट. डिजिटल एक्सचेंज मग ते आपल्या सी-डॉटचे असो, उत्तर प्रदेशातल्या मनकापूरच्या कारखान्यात तयार झालेले ई-१०-बी असो की परदेशातून आलेले असो, एका कॉलला सेकंदाला ६४ हजार बिटांचाच मार्ग देत असे. हा आकडा इंटरनेटच्या कितीतरी आधी, केवळ बोलण्यासाठी ठरलेला होता आणि जगभर तोच होता. इंटरनेटवर डूख धरून कोणी तो ठरवला, असे म्हणायला जागाच नाही.

डायल-अप मॉडेम याच दरवाजातून आत जात असे, कारण त्याने लावलेला कॉल एक्सचेंजच्या दृष्टीने मावशीला लावलेल्या कॉलपेक्षा वेगळा नव्हता. मॉडेमचे काम संगणकाच्या बिटांना अशा आवाजाचे रूप देणे एवढेच, की तो आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये बसावा आणि पलीकडच्या मॉडेमला ओळखता यावा. अशा पट्ट्यातून जास्तीत जास्त किती बिट नेता येतील याचे गणित अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच मांडून ठेवले होते. चांगल्या फोनलाइनवरचा सिग्नल आणि खरखर यांचे नाते ३५ डेसिबल धरले, तर उत्तर सेकंदाला सुमारे ३६ हजार बिट येते. आता मॉडेमचा इतिहास त्याशेजारी ठेवून पाहावा: १९९१ मध्ये १४.४ केबीपीएस (म्हणजे सेकंदाला १४.४ हजार बिट), १९९४ मध्ये २८.८ आणि १९९६ मध्ये ३३.६. अभियंते त्या मर्यादेच्या अंगाला जाऊन भिडले होते. १९९८ मध्ये ५६ केबीपीएसचा व्ही-९० मॉडेम आला तो एका नामी युक्तीमुळे. सेवा देणाऱ्याची बाजू एक्सचेंजला थेट डिजिटल स्वरूपात जोडली, की आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याची एक पायरी आणि तिच्याबरोबर येणारी खरखर वाचते, आणि मग त्या ६४ हजारांपैकी बराच भाग ग्राहकाकडे येताना वापरता येतो. ग्राहकाकडून जाताना ती पायरी टळत नाही, म्हणून पाठवण्याचा वेग ३३.६ वरच राहिला. प्रत्यक्षात घरोघरी ४० ते ५० च्या दरम्यानचा जोड मिळाला तरी लोक खूश असत.

वेग लपवायचाच असता, तर आयएसडीएन विकण्याचे कारण नव्हते. याच तांब्याच्या जोडीवर ६४-६४ केबीपीएसचे दोन मार्ग, म्हणजे एकूण १२८ केबीपीएस देणारी ही सेवा १९९० च्या दशकातच भारतात विक्रीला होती. ती महाग होती आणि वृत्तपत्रांची कार्यालये, कारखाने, मोठ्या कचेऱ्या यांच्यापलीकडे फारशी गेली नाही. पण ती गुपित नव्हती आणि तिचा वेगही ६४ च्याच पटीत अडकलेला होता, कारण तिचाही रस्ता त्याच व्यवस्थेतून जात होता.

मग २००५ मध्ये बदलले काय? बदल एक्सचेंजमध्ये झाला, ग्राहकाच्या नजरेआड. एमडीएफवर आपल्या जोडीचा जंपर, म्हणजे जोडणारी छोटी तार, हलवून ती आधी एका विभाजकाकडे नेण्यात आली. तिथून ४ हजार हर्ट्झच्या खालचा आवाज नेहमीसारखा लाइनकार्डाकडे गेला आणि त्यावरचा सगळा पट्टा डीस्लॅम नावाच्या नव्या यंत्राकडे गेला. नेटची माहिती आता त्या ६४ हजारांच्या दरवाजात जातच नव्हती. तांबे स्वतः ३४०० हर्ट्झला थांबत नाही, एवढे मजकुराचे म्हणणे बरोबर आहे. एडीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरून ब्रॉडबँड देणारी ही पद्धत, साधारण २५ हजार हर्ट्झपासून ११ लाख हर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरते आणि तिची पुढची आवृत्ती एडीएसएल-२-प्लस २२ लाखांपर्यंत जाते. हा पट्टा प्रत्येकी साधारण सव्वाचार हजार हर्ट्झ रुंदीच्या शेकडो बारीक पट्ट्यांत वाटला जातो. प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे तपासली जाते, जिच्यावर खरखर जास्त असेल तिच्यावर कमी बिट टाकले जातात आणि जी अगदीच बिघडलेली असेल ती सोडून दिली जाते. एवढे गणित प्रत्येक घराच्या मॉडेममध्ये सतत करत राहण्याइतक्या स्वस्त चिप १९९५ मध्ये बाजारात नव्हत्या.

यातली खरी अडचण केवळ वारंवारतेची नव्हती, तर शेजाऱ्यांची होती. एक्सचेंजच्या तोंडाशी एकाच केबलमध्ये शेकडो जोड्या एकमेकींना चिकटून असतात आणि उंच वारंवारतेवर एका जोडीतला सिग्नल दुसरीत झिरपतो. दूरच्या घरातून दमून-भागून पोहोचलेला क्षीण सिग्नल आणि शेजारच्या जोडीवरून नुकताच निघालेला ताजा, जोरकस सिग्नल एकाच पट्ट्यात असले, तर पहिला ऐकूच येत नाही. अमेरिकेतल्या बेलकोअर या संस्थेतले जोसेफ लेक्लायडर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस यावर तोड सुचवली: दोन्ही दिशांना सारखा वेग देण्याचा हट्ट सोडावा, घराकडे येणाऱ्या माहितीला रुंद पट्टा द्यावा आणि घराकडून जाणारीला अरुंद. आपल्या ब्रॉडबँडचा अपलोड नेहमी हात आखडता का घेत असे, याचे उत्तर या तडजोडीत आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एडीएसएलचे मानक मंजूर केले ते १९९९ मध्ये. विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. ‘दहा वर्षे दाबून ठेवले’ या म्हणण्यातली पहिली चार वर्षे इथेच वजा होतात. उरलेल्या सहांचा हिशेब खरोखर मागण्यासारखा आहे आणि त्याकडे मी येतोच.

कर्कश आवाजाचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. तो आवाज म्हणजे दोन मॉडेमनी एकमेकांची ओळख करून घेणे, लाइनवरचा प्रतिध्वनी आणि खरखर मोजणे आणि त्या लाइनला झेपेल असा जास्तीत जास्त वेग ठरवणे होते, म्हणजे मजकुरात म्हटले आहे त्याच्या नेमके उलट. तो ऐकू येत असे तो मॉडेममधल्या छोट्या स्पीकरमुळे आणि एका साध्या आज्ञेने तो बंदही करता येत असे. पण बहुतेकांनी तो चालूच ठेवला, कारण कॉल एंगेज लागला आहे की जोडला जातो आहे हे त्यावरून कानाला कळत असे.

‘डबीत किल्ली होती’ या दाव्याची परीक्षा ज्याच्याकडे जुने एडीएसएल कनेक्शन अजून चालू आहे, त्याला घरीच करता येईल. डबी काढून टाकावी, फोनही काढून टाकावा आणि भिंतीवरची तार थेट मॉडेमला जोडावी. नेट तितक्याच वेगाने चालते, कधी किंचित जास्तच. डबीत थोडी वेटोळी आणि कपॅसिटर असतात आणि त्यांचे काम फोनचा आवाज व घंटीचा विद्युतदाब एका बाजूला आणि मॉडेमचा उंच पट्टा दुसऱ्या बाजूला ठेवणे एवढेच. ती नसताना फोन जोडून ठेवला तर रिसीव्हर उचलताच कानात खरखर येते आणि मॉडेमचा जोड तुटतो. ज्या घरांत हॉलमधल्या फोनला डबी होती पण आतल्या खोलीतल्या पॅरलल फोनला लावायची राहून गेली, तिथे फोन वाजला की नेट जात असे. नाशिकमध्येच नव्हे, देशभर हजारो तक्रारींचे मूळ एवढेच होते.

आता पैशांकडे. मिनिटांवर बिल लागत असे, हे पूर्ण खरे आहे. ३ मिनिटांच्या पल्सला, म्हणजे बिलाच्या एककाला, १ रुपया २० पैसे धरले तर तासाचा खर्च २४ रुपये होतो आणि सेवेचे पैसे वेगळे. ४५ केबीपीएसच्या जोडावर तासाभरात सुमारे २० मेगाबाइट माहिती येते, म्हणजे एका मेगाबाइटला केवळ फोनचे १ रुपया २० पैसे पडत. नंतर महिन्याला २५० रुपयांत १ जीबी देणारे ब्रॉडबँडचे प्लॅन आले, तेव्हा तोच मेगाबाइट २५ पैशांवर आला. शिवाय ज्या गावात सेवेचा नोड, म्हणजे नेटला जोडणारे स्थानिक केंद्र, नव्हता तिथून एसटीडी लावून नेट वापरावे लागे, ते वेगळेच. डायल-अप महाग होते, ही तक्रार कोणीही नाकारणार नाही.

परंतु महाग असणे आणि त्यासाठी पर्याय रोखून धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेलिफोन एक्सचेंजची क्षमता ठरवताना असे मानलेले असते की कॉल काही मिनिटांत संपतो आणि एका वेळी थोडेच लोक बोलत असतात. नेटचा कॉल तास-तासभर चाले आणि तेवढा वेळ ६४ केबीपीएसचा एक संपूर्ण मार्ग अडवून बसे, मग वाचक पान उघडून चहा प्यायला गेलेला का असेना. संध्याकाळी ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ हे वाक्य ऐकावे लागण्यामागे हेही एक कारण होते. नेटची वाहतूक आवाजाच्या यंत्रणेतून बाहेर काढणे ही एक्सचेंज चालवणाऱ्यांची स्वतःचीच गरज होती. तसेच २००५ च्या आधी डिशनेट या खासगी कंपनीने देशातल्या काही शहरांत डीएसएल, म्हणजे याच जातीचे तारेवरचे नेट, विकले होते, आणि केबल टीव्हीवरून नेट देणारेही होते. तंत्रज्ञान कुलूपबंद नव्हते.

मग १९९९ ते २००५ ही सहा वर्षे कुठे गेली? पहिले कारण समुद्रात आहे. त्या काळात आपण उघडत असू ती बहुतेक पाने परदेशातल्या संगणकांवर होती आणि परदेशाशी दूरसंचार जोडण्याची मक्तेदारी २००२ पर्यंत विदेश संचार निगमकडे होती. घराजवळची तार दहापट रुंद केली आणि देशाबाहेर जाणारी वाट तितकीच राहिली, तर ग्राहकाच्या हाती काही पडत नाही. देशातल्या देशातली वाहतूक देशातच वळवण्यासाठी निक्सी ही व्यवस्था उभी राहिली तीही २००३ मध्ये. दुसरे कारण धोरणाचे. खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देण्याची मुभा नोव्हेंबर १९९८ मध्ये मिळाली, पण ब्रॉडबँड धोरण जाहीर झाले ऑक्टोबर २००४ मध्ये. त्याने २५६ केबीपीएस किंवा अधिक वेगाच्या, सतत चालू राहणाऱ्या जोडाला ब्रॉडबँड म्हटले आणि त्यानंतर काही महिन्यांत, जानेवारी २००५ मध्ये, भारत संचार निगमने डेटावन ही ब्रॉडबँड सेवा सुरू केली.

या धोरणाच्या पोटात एक गोष्ट दडलेली आहे, जी मजकूर लिहिणाऱ्याला सापडली असती तर त्याच्या रागाला भक्कम पाया मिळाला असता. एप्रिल २००४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सरकारला केलेल्या शिफारशींत असे सुचवले होते की सरकारी कंपन्यांकडे असलेल्या घरापासून एक्सचेंजपर्यंतच्या तांब्याच्या जोड्या इतर सेवादारांनाही वापरायला खुल्या कराव्यात. युरोपातल्या अनेक देशांत त्या सुमारास हेच चालले होते: तार एकाची, डीस्लॅम दुसऱ्याचा, आणि ग्राहकापुढे चार-पाच सेवादारांची स्पर्धा. ऑक्टोबरमध्ये आलेल्या धोरणाने ही सक्ती स्वीकारली नाही आणि परस्परसंमतीने करार करावेत, असे सांगून विषय सोडून दिला. ज्याच्या हाती तारा होत्या त्याला असे करार करण्याची घाई असण्याचे कारण नव्हते. २०१० च्या अखेरीस २ कोटी ब्रॉडबँड ग्राहक करण्याचे उद्दिष्ट त्याच धोरणात होते. प्रत्यक्षात तो आकडा सुमारे १ कोटी १० लाखांवर राहिला. तारेतला वेग कोणी दडवला नाही, पण तार मात्र एकाच्याच मुठीत ठेवली गेली. माझ्या मते प्रश्न विचारायचा तो हा आहे, आणि गंमत म्हणजे हजारो वेळा पुढे पाठवल्या गेलेल्या त्या मजकुरात त्याचा उल्लेखही नाही.

‘२५६ चा प्लॅन, पण वेग ३० चा’ हा दावा चिवट आहे, कारण तो करणाऱ्याने आकडा डोळ्यांनी पाहिलेला असतो. प्लॅनवरचे २५६ हे किलोबिट असतात आणि डाउनलोडच्या खिडकीत दिसणारे ३० हे किलोबाइट. ८ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून २५६ भागिले ८ म्हणजे ३२. त्यातूनही एडीएसएलवर माहिती ५३ बाइटच्या छोट्या पाकिटांत जाते आणि प्रत्येक पाकिटातले ५ बाइट पत्ता वगैरे लिहिण्यात जातात. त्यावर जोडाचे आणि इंटरनेटचे स्वतःचे शीर्षक-बाइट येतात. हे सारे वजा जाता २७ ते २९ चा आकडा दिसणे म्हणजे ठरलेला माल पुरा मिळणे होय.

मात्र याच ठिकाणी एक उलटी गोष्ट सांगायला हवी. मजकूर डायल-अपवर जो आरोप करतो, की लाइनला झेपत असूनही वेग कमी ठेवला, ती गोष्ट ब्रॉडबँडच्या बाबतीत खरोखर घडत असे. मॉडेमचे पान उघडले की लाइन २ एमबीपीएस (म्हणजे सुमारे २००० केबीपीएस) किंवा त्याहून अधिकवर जोडलेली दिसे आणि प्लॅन मात्र २५६ चा असे. ही मर्यादा तारेत नसून पलीकडच्या सर्व्हरवर, खात्याच्या नोंदीत असे. फरक एवढाच की ती दडवलेली नव्हती, प्लॅनच्या कागदावर छापलेली होती. त्या काळातली जाचक गोष्ट वेग नव्हे, तर महिन्याच्या मापाची मर्यादा होती: २५६ केबीपीएसने सलग डाउनलोड केले तर १ जीबी नऊ तासांच्या आत संपते. म्हणून पहाटे २ ते ८ मोफत असलेल्या प्लॅनसाठी कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत मुले रात्री गजर लावून उठत आणि डाउनलोड सुरू करून पुन्हा झोपत.

आता एक्सचेंजजवळच्यांना मिळणाऱ्या वेगाविषयी. जवळच्यांना वेग जास्त मिळतो, हे शंभर टक्के खरे आहे आणि त्यात वशिल्याचा संबंध नाही. तांब्यातून जाताना सिग्नल क्षीण होतो आणि वारंवारता जितकी उंच तितका तो लवकर क्षीण होतो. अंतर वाढले की त्या शेकडो पट्ट्यांतल्या वरच्या पट्ट्या आधी गळतात, मग मधल्या. एडीएसएल-२-प्लसवर एक्सचेंजपासून १ किलोमीटरच्या आत २० एमबीपीएसच्या पुढचा जोड मिळू शकतो, ३ किलोमीटरवर तो ८ च्या आसपास येतो आणि ५ किलोमीटरवर १-२ मिळाले तरी समाधान मानावे लागते. हे अंतर नकाशावरचे नव्हे, तर तारेचे असते. तार रस्त्यांच्या वळणांनी जाते, पिलरला वळसा घालते, म्हणून समोर दिसणाऱ्या एक्सचेंजपर्यंत ती दीड-दोन किलोमीटर भरू शकते. नाशिकचा विस्तार पाहिला तर याचा परिणाम लगेच उमजतो. मेन रोड, शरणपूर रोडसारख्या दाट जुन्या भागांत जोड्या तुलनेने आखूड असतात. गंगापूर रोड जसजसा धरणाच्या दिशेने लांबत गेला, पाथर्डी फाट्याच्या पुढे वसाहती झाल्या, मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावच्या मळ्यांत द्राक्ष बागाईतदारांनी फोन घेतले, तसतशा तारा लांबल्या. निर्यातीच्या द्राक्षांची नोंदणी ‘ग्रेपनेट’ या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेवर सुरू झाल्यावर ज्यांना नेटची खरी निकड होती ते नेमके तारेच्या दुसऱ्या टोकाला होते, हे दुर्दैव खरेच. पण त्याला कोणी माणूस जबाबदार नव्हता.

ओळखीचा उपयोग होत नसे असे मात्र मी म्हणणार नाही. एकाच केबलमधल्या सगळ्या जोड्या सारख्या नसतात. एखादीचा जॉइंट गंजलेला असतो, एखादीत ओल शिरलेली असते, आणि कामसू लाइनमनने खराब पेअर सोडून चांगली पेअर दिली की त्याच घरातला वेग दुपटीने वाढलेला मी पाहिला आहे. ओळख असेल तर हे काम आजच्या आज होई आणि नसेल तर पावसाळा संपल्यावर.

राहिला फायबरचा मुद्दा, तांबे मुद्दाम कुजवले हा. तांब्याला कुजवावे लागत नाही, त्याकडे लक्ष न देणे पुरते. जमिनीखालच्या केबलमध्ये ओल शिरू नये म्हणून जेली भरलेली असते, पण प्रत्येक जॉइंट हा एक दरवाजा असतो आणि गोदावरीचे पाणी भांडी बाजारात शिरले की तिथल्या जमिनीखालच्या जॉइंटांवर काय गुदरत असेल याची कल्पना करता येते. त्यात रस्त्यांची खोदाई आणि तांब्याची चोरी यांची भर. २००६ च्या आसपास देशात चार कोटींच्या वर असलेले तारेचे फोन मोबाइलमुळे २०२० पर्यंत निम्म्यावर आले. म्हणजे तीच केबल, तेच पिलर, तेच जॉइंट अर्ध्या ग्राहकांच्या पैशांवर सांभाळायचे. त्यातच जानेवारी २०२० मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजनेतून भारत संचार निगमचे सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच वेळी बाहेर पडले आणि कोणत्या पिलरमधली कोणती पेअर चांगली, हे ज्यांना तोंडपाठ होते ती माणसे त्यांच्याबरोबर गेली. याला हेळसांड म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे, मीही म्हणतो. पण कट म्हणायचा तर फायबर तांब्याहून खरोखर सरस नसले पाहिजे, आणि ते तर उघडच सरस आहे. काचेच्या धाग्यात प्रकाश किलोमीटरमागे अर्ध्या डेसिबलहूनही कमी क्षीण होतो, घरगुती फायबर जोड २० किलोमीटरपर्यंत चालतो आणि पाण्याने त्याला गंज चढत नाही. तांब्याला ५ किलोमीटरवर जो घाम फुटत असे, तो इथे फुटत नाही.

ज्यांच्या घरी अजून तांब्यावरचे नेट आहे आणि पावसाळ्यात ते तुटते, त्यांनी मजकूर पुढे पाठवण्याऐवजी मॉडेमचे पान उघडून ‘लाइन अटेन्युएशन’ (वाटेत सिग्नल किती क्षीण झाला) आणि ‘एसएनआर मार्जिन’ (खरखर सोसण्याची किती क्षमता शिल्लक आहे) हे दोन आकडे एकदा कोरड्या दिवसात आणि एकदा पावसात लिहून घ्यावेत. पहिला आकडा तारेची लांबी सुचवतो आणि त्याबाबत कोणाला काही करता येत नाही. दुसरा ६ डेसिबलच्या खाली जात असेल, तर जोड वारंवार तुटण्याचे कारण लाइनवरच्या खरखरीत आहे आणि ती जॉइंटमधली ओल असण्याची शक्यता मोठी आहे. तक्रार नोंदवताना हे आकडे दिले, तर ‘मॉडेम बंद करून चालू करा’ या उत्तरावर बोळवण करणे समोरच्याला अवघड जाते आणि पेअर तपासायला माणूस पाठवावा लागतो.